पडद्याकडे पाठ करून

जुळे सोलापुरातली खोली मला मिळाली ती माझ्या चेहऱ्यामुळे. असं सांगितलं की लोक माझ्याकडे निरखून बघतात आणि मग विषय बदलतात. म्हणून आधीच सांगून टाकते, की देखणेपणाचा इथे काही संबंध नाही. माझा चेहरा बोलका आहे, एवढंच. सांगोल्याला घरी मी त्यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. कुणाच्या घरचा चहा आवडला नाही तर मी कप खाली ठेवायच्या आत त्यांना कळायचं, आणि परतीच्या वाटेवर आई माझा उद्धार करायची.

विम्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि खोली शोधत मी काकूंच्या दारात उभी राहिले. काकू शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. पांढरे केस, गळ्यात लिंगायत लोक घालतात ती लिंगाची चांदीची डबी, आणि बोटात शिवणाचं अंगुस्तान, जे त्या दार उघडतानासुद्धा काढत नसत. त्यांनी कानडीत केलेला पहिला प्रश्न मला कळलाच नाही.

"ऊटा आतेन?" मग माझं तोंड बघून त्यांनीच खुलासा केला, "जेवलीस का, म्हणते मी."

"हो," मी म्हटलं.

"न्हाई जेवलीस. तोंडावर दिसायलंय की."

त्यांनी मला भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीत नेऊन टीव्हीसमोर बसवलं, खिडकीवर एक जाड सोलापुरी चादर टाकली, मशिनात डिस्क सरकवली, आणि स्वतः टीव्हीकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता भाड्याचं बोलणं निघणार. तेवढ्यात पडद्यावर एका कपाटातून हात बाहेर आला आणि मी पाय वर घेऊन किंचाळले.

काकूंनी समाधानाने मान हलवली. "राहायला कधी येतेस?"

माझ्याआधी बँकेतली एक मुलगी खोली बघून गेली होती, हे मला नंतर कळलं. तिच्याबद्दल काकूंचं मत चांगलं होतं. "लई हुशार पोरगी. पण तोंड म्हणजे भिंत. तिच्या तोंडावर काय बघायचं माणसानं?"

काकूंना भुताच्या सिनेमांचं विलक्षण वेड होतं, आणि त्यांनी जन्मात एकही भुताचा सिनेमा पाहिलेला नव्हता. पडद्याकडे बघायची त्यांची छाती नव्हती. त्या आवाज ऐकायच्या आणि समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर सिनेमा बघायच्या. मध्येच विचारायच्या, "आता कुटं हाय? जिन्यात?" मी म्हणायचे, "जिन्यात." त्या म्हणायच्या, "वाटलंच मला. तुझी मान वर चढायलीय." भिंतीवर काकांचा फोटो होता. काका स्वभावाने देवमाणूस होते, पण त्यांच्याबरोबर काकूंना एकही सिनेमा धड बघता आला नाही. "ह्यांच्या तोंडावर काही हलायचंच न्हाई," त्या फोटोकडे बोट दाखवून तक्रार करायच्या. "अख्खं स्मशान उठून नाचलं तरी हे दाणे खायलेत." फोटोतही काका तसेच दिसत होते, दाणे खाऊन नुकतेच बसल्यासारखे.

डिस्कच्या डब्यांवर जी चित्रं असतात, तीही काकूंना सहन व्हायची नाहीत. म्हणून नवी डिस्क घरात आली की तिला पहिल्यांदा खोळ शिवली जायची. उरलेल्या कापडांची, ब्लाउजपिसांची, बारीक टाक्यांची सुरेख खोळ, बंदसुद्धा लावलेला. सिनेमांची खरी नावं त्यांना पाठ नव्हती. "आज जांभळा खण लाव," म्हणायच्या, नाहीतर, "काळ्या ठिपक्यांचा नको, त्यात कुत्रं मरतंय." कपाटात त्या डिस्का एका ओळीत उभ्या असायच्या. न सांगता कुणी बघितलं असतं, तर बारशाची तयारी चाललीय असं वाटलं असतं.

रविवारची दुपार हा आमचा ठरलेला वेळ. बाहेर सोलापूरचं ऊन, आत कूलरची घरघर. खिडकीवरच्या चादरीतून उजेड गाळून यायचा आणि तिच्यावरचे मोर फिकट होऊन भिंतीवर उतरायचे. त्या तांबूस उजेडात काकूंचा पांढरा माथा तेवढा मला दिसायचा आणि त्याच्या मागे, त्यांच्या खांद्यांवरून, भुतं ये-जा करायची. कधी कधी मला पेंग यायची आणि भूत कुठलं, मोर कुठला, कळेनासं व्हायचं. मग काकू माझ्या गुडघ्यावर अंगुस्तान वाजवून मला जागं करायच्या. तुझा पडदा बंद पडला, म्हणायच्या. त्या दुपारांइतकं निवांत मला नंतर कुठेच वाटलेलं नाही. भुतांच्या संगतीत असं वाटावं याचं नवल वाटतं, पण वाटायचं खरं.

काकूंची अजून एक सवय होती. दोन्ही वेळा भाकऱ्या झाल्या की एक भाकरी आणि चमचाभर शेंगाचटणी त्या ओट्याच्या कोपऱ्यात ताटलीखाली झाकून ठेवायच्या. मला वाटायचं कुत्र्यासाठी. पण कुत्र्याला त्या वेगळी भाकरी टाकायच्या. एकदा विचारलंच.

"कुणी आलं तर," काकू म्हणाल्या.

"कोण येणार?"

"ते काय सांगून येतंय?" असं म्हणून त्यांनी मला अक्काचा पिक्चर सांगितला.

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, अक्कलकोटला दिलेली. दोघींचं माहेर सोलापुरातच, शुक्रवार पेठेतलं. अक्काचं लग्न ठरलं आणि सासरी जायच्या आधी एकदा मनासारखं काहीतरी करायचं म्हणून ती धाकट्या बहिणीला घेऊन, घरी मैत्रिणीचं नाव सांगून, दुपारच्या खेळाला गेली. सिनेमा भुताचा होता हे आत गेल्यावर कळलं. काकूंनी जे अक्काच्या खांद्यात तोंड खुपसलं ते खेळ संपल्यावरच्या राष्ट्रगीतालाच बाहेर काढलं. मग घरी परत येताना, पेठेच्या बोळातून रमतगमत, अक्काने तिला सगळी गोष्ट कानडीत सांगितली.

एक मोठा बंगला असतो. रोज तिन्हीसांजेला दार वाजतं. दाराबाहेर केस मोकळे सोडलेली एक बाई उभी असते. घरातले सगळे कड्या लावून बसतात. मांत्रिक येतो, पळून जातो. शेवटी घरची नवी सून कंटाळून दार उघडते आणि त्या बाईला विचारते, "ऊटा आतेन?" भूत रडायला लागतं. म्हणतं, इतकी वर्षं दारोदार हिंडतेय, पण जेवलीस का म्हणून कुणी विचारलं नाही. सून तिला पाटावर बसवून भाकरी वाढते. भूत पोटभर जेवतं, हात धुतं आणि जातं, ते परत कधी येत नाही.

"इतका चांगला पिक्चर परत झाला न्हाई," काकू म्हणाल्या. दुसऱ्या कुठल्याही सिनेमातलं भूत शेवटी जळालं, पुरलं गेलं किंवा आरशात अडकलं, की त्या हळहळायच्या. "ह्यांच्या घरात भाकरी नव्हती का?" असं खरोखर चिडून विचारायच्या.

म्हणून, त्या जुन्या सिनेमाचा नव्याने काढलेला सिनेमा येतोय अशी जाहिरात पेपरात आली तेव्हा आमच्या घरात सण आला. जाहिरातीत नुसतं एक बंद दार होतं. काकूंनी लगेच अक्कलकोटला फोन लावला. तिकडे अक्काला काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला आणि दुसऱ्यातला उजेड बाजूबाजूने कमी होत चाललेला. अक्का म्हणाली, "मला तो पिक्चर बघायचाय गं. डोळे हायत तोवर एकदा बघायचाच." पण घरी सुनेचं बाळंतपण होतं, तिला लगेच निघता येईना.

तोवर आपण तपासून येऊ, असं म्हणून काकू मला घेऊन थिएटरात गेल्या. तिथे त्यांची पंचाईत झाली. अंधारात माझं तोंड नीट दिसेना. मग त्यांनी सरळ खुर्चीत गुडघे टेकले, मागे वळून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवले आणि मागच्या रांगेतल्या तोंडांवर सिनेमा बघायला सुरुवात केली. पडद्यावर दार वाजलं. सगळीकडे एकदम शांतता पसरली. पडद्याचा निळा उजेड फिरून मागे आला, आणि मागच्या रांगेतल्या एका कॉलेजकुमाराला आपल्यासमोर हातभर अंतरावर, पांढऱ्या केसांची एक बाई टक लावून आपल्याकडे बघतेय असं दिसलं. त्याने जी बोंब ठोकली तशी त्या सिनेमात कुणीही ठोकली नव्हती. त्याच्या मागची रांग ओरडली, मग तिच्या मागची. बॅटरी घेऊन माणूस आला आणि अजिजीने म्हणाला, "आजी, तुमी सरळ बसा नायतर बाहेर चला." काकू ताठ मानेने बाहेर आल्या. मी हसून हसून रिक्षात आडवी झाले होते.

"डिस्क येऊ दे," त्या म्हणाल्या. "अक्काला घरीच दाखवू. पायावर पाय टाकून बघू दे तिला."

सिनेमा आठवड्याभरात निघून गेला. फोनवर सिनेमे बघायचे दिवस अजून यायचे होते. मी रोज ऑफिसातून येताना डिस्कवाल्याकडे डोकावायचे. खरी डिस्क यायच्या आधी गाड्यावर चोरून काढलेली आली, ती मी घेऊन आले. कुणीतरी थिएटरात बसून पडद्याचंच चित्रण केलं होतं. मध्येच कोणी उठून जायचं, कोणी खोकायचं, दाराशी भूत उभं असताना एक माणूस समोसे घेऊन आडवा गेला. काकूंनी माझ्या तोंडावर ते सगळं बघितलं आणि डिस्क काढायला लावली. "अक्का एवढ्या आशेवर हाय, आणि तिला काय लोकांची डोस्की दाखवू? चांगली येऊ दे." मलाही ते पटलं.

चांगली डिस्क यायला वेळ लागला. त्या दिवसांत अक्कलकोटचा फोन आला की काकू आधी डोळ्यांचं विचारायच्या. सुरुवातीला अक्का म्हणायची, दारातली रांगोळी दिसते. मग म्हणायला लागली, दार दिसतं. काकू फोन ठेवून शिवायला बसायच्या. येणाऱ्या डिस्कसाठी त्यांनी अक्काच्याच जुन्या हिरव्या खणाची खोळ शिवून ठेवली होती, आणि ती पुन्हा पुन्हा उसवून बारीक टाके घालत होत्या.

डिस्क आली त्या दिवशी काकू अक्काला आणायला गेल्या होत्या. डिस्कवर ओरखडा नाही ना, हे बघायला म्हणून मी ती लावली आणि शेवटापर्यंत बघत बसले. दार वाजलं. नव्या सुनेने दार उघडलं. तिच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. ते खणखणत खाली पडलं. आणि भुताने तिला केसांना धरून अंगणातल्या हौदाकडे नेलं. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग पाणी शांत झालं आणि पडद्यावर शेवटची नावं सुरू झाली. जेवण वगैरे काही नव्हतं.

मी डिस्क हिरव्या खोळीत घालते न घालते तोच रिक्षा थांबली. काकूंच्या दंडाला धरून अक्का उतरली. काकूंपेक्षा बुटकी, गोरी, ठसठशीत कुंकू लावलेली. दारापाशी येऊन ती थांबली आणि तिने हात पुढे करून चौकट चाचपली. एकदा वर, एकदा बाजूला. तेव्हा मला कळलं.

स्वयंपाकघरात काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या या मेल्या चेहऱ्याने नेहमीसारखा घात केला.

"शेवट वाईट हाय, व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली.

"आणि जेवण?"

"नाही."

त्या परातीकडे वळल्या. भाकरीचं पीठ मळत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ते समोसेवाल्याचंच दाखवलं असतं तर? तेव्हा दिसत होतं की तिला." मला रडू आलं. त्यांना मात्र रडताही येईना, कारण बाहेर अक्का होती आणि तिचे कान शाबूत होते.

इथल्या डॉक्टरांनीही आता काही होणार नाही असंच सांगितलं. अक्का खिडकीपाशी बसून राहायची. घास पुढे केला की दोन घास खायची, मग "साकु" म्हणून हात मागे घ्यायची. पुरे झालं, म्हणायची. जेवणाचंच नाही, सगळ्याचंच ती तसं म्हणत होती. मला परत नेऊन सोडा, एवढा एकच धोशा. काकूंनी तिच्या आवडीचं काय काय केलं, सगळं ताटात राहिलं. हिरवी खोळ टीव्हीवर होती, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

रविवारी दुपारी अक्काच म्हणाली, "तो पिक्चर आला होता ना? लाव की. ऐकते तरी."

काकू गडबडल्या. "ही सांगेल तुला," माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "ही लई छान बघते."

"नको. हिचं मराठी लई पळतंय. तू सांग, आपल्या भाषेत. मी नव्हता का तुला सांगितला?"

  काकूंनी खिडकीवर चादर टाकली, आपली खुर्ची धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती टीव्हीकडे फिरवली. अक्काला शेजारी घेतलं. मला बसायला जागा उरली ती टीव्हीच्या पुढ्यात, त्यांच्याकडे तोंड करून. म्हणजे पडद्याकडे पाठ करून.

मी काकूंच्या तोंडावर सिनेमा बघितला. त्या दोघी कानडीत बोलत होत्या, पण एव्हाना मला ते कळू लागलं होतं. भिंतीवर मोर उतरले होते. पडद्याचा उजेड काकूंच्या चष्म्यावर हलत होता आणि चष्म्याच्या आत त्यांचे डोळे इतके मोठे झाले होते, की मिटून घ्या हो, असं सांगावंसं वाटत होतं. त्यांनी ते मिटले नाहीत. पापणीही लवत नव्हती. हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेले, कपाळावर घाम, आणि आवाज मात्र भाजी निवडताना असावा तसा. बंगला आला, म्हणाल्या. लई मोठा हाय. रंग बरा दिलाय. मांत्रिक आला. पळाला बघ.

मग माझ्या पाठीमागे दार वाजलं. अक्का सरसावून बसली.

"आता सून उठली," काकू म्हणाल्या. "पदर खोचला तिनं. दार उघडलं."

"विचारलं का?"

"विचारलं. जेवलीस का, म्हणाली."

मागे ताट खणखणत पडलं. काकूंचा ओठ दातांखाली गेला. "ताट मांडलं," त्या म्हणाल्या.

आणि मग ती किंकाळी आली. मी आधी ऐकलेली असूनही माझ्या अंगावर काटा आला.

"कोण ओरडलं गं?" अक्काने विचारलं.

काकूंचे डोळे पडद्यावर खिळले होते. गालावरून पाणी ओघळत होतं. "भूत," त्या म्हणाल्या. "चटणी लई तिखट झाली होती."

 मग अक्काचे खांदे हलले. ती हसत होती. आधी आवाज न करता, मग पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून देऊन. मागे हौदाचं पाणी वाजत होतं आणि ही बाई पोट धरून हसत होती.

"हात धुवायलीय," काकूंनी पाण्याचा खुलासा केला, आणि अक्काला आणखीच हसू फुटलं.

नावं सुरू झाल्याचं संगीत लागलं. अक्काने डोळे पुसले. "तुला एक सांगू? त्या दिवशी मी पण डोळे मिटूनच बसले होते की गं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. दार वाजलं, ताट वाजलं, पाणी वाजलं. मला काय वाटणार? वाटलं, जेवाय वाढलं. घरी येताना तू विचारलंस, मग आवाजावरनंच सांगितलं सगळं."

"ठाऊक हाय मला," काकू म्हणाल्या.

"ठाऊक हाय?"

"माझं डोकं तुझ्या खांद्यावर होतं. खांदा लटलटा कापत होता."

"मग बोलली न्हाईस कधी?"

"गोष्ट चांगली होती की."

 अक्का म्हणाली, "म्हणून बघायचा होता मला. एकदा डोळे उघडे ठेवून." तिने हात पुढे केला, काकूंचा चेहरा शोधला, आणि बोटं त्यांच्या ओल्या गालावरून फिरवली. कपाळ, भुवया, चष्मा, ओठ. सावकाश, दोनदा. तिथे जे काही होतं ते तिने सगळं वाचलं असणार, कारण तिने शेवट काय आहे ते विचारलं नाही. आपल्या पदराने तिने काकूंचं तोंड पुसलं. "जेवून गेली ना?" एवढंच म्हणाली.

"पोटभर जेवून गेली."

"बरं झालं."

कूलर घरघरत होता. मी उठून टीव्ही बंद केला. काकूंनी अक्काचा हात तसाच धरून ठेवला होता. मग त्यांनी विचारलं, "ऊटा आतेन?"

"न्हाई," अक्का म्हणाली. आल्यापासून या प्रश्नाला ती पहिल्यांदाच न्हाई म्हणाली होती.

मी ओट्याच्या कोपऱ्यातली ताटली घेऊन आले. दुपारची गार भाकरी आणि चमचाभर शेंगाचटणी. अक्काने हाताने चाचपून भाकरी मोडली. चटणी जिभेला लागताच तिने मुद्दाम ओरडून दाखवलं आणि दोघी पुन्हा हसल्या. मग ती सावकाश, एकेक घास चावून, सगळी भाकरी खात राहिली. काकू तिच्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या, बंद टीव्हीकडे पाठ करून, आणि डोळे न मिटता तिच्या तोंडाकडे बघत होत्या.